कॉलेजात 'विविधता सप्ताह' घ्यायचाय, फेटे आणि भाषणं सोडून काय करता येईल?

तासिका_मॅडम

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सीएचबी, म्हणजे ज्या कामाला कुणी हात लावत नाही ते फिरत फिरत माझ्याच टेबलावर येतं. यंदा समान संधी केंद्राचा, म्हणजे मागास आणि वंचित गटांतल्या मुलांसाठीच्या कक्षाचा, चार्ज आलाय. नॅक, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणारी तपासणी, जवळ आलंय आणि सातव्या क्रायटेरियाला सर्वसमावेशक वातावरणासाठी काय केलं त्याचे पुरावे लागतात, म्हणून आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या सरांनी फर्मान काढलंय की पुढच्या महिन्यात 'विविधता आणि समावेशन सप्ताह' घ्या. बजेट पाच हजार. जिओटॅग फोटो, हजेरीपट आणि अहवाल हवाच.

मागच्या तीन वर्षांच्या फायली काढून बसले तर तिन्ही वर्षं तारखा सोडून सगळं सेम. उद्घाटन, दीपप्रज्वलन, रांगोळी, वेशभूषा स्पर्धा. फोटोत एक फेटेवाला, एक पगडीवाला, एक बुरखा घातलेली मुलगी. ती स्टेजवरची मुलगी मुस्लिम नाहीये, आणि ज्या रोज बुरखा घालून एसटीने येतात त्या त्याच फोटोत मागच्या बाकावर बसलेल्या दिसतात. शेवटच्या दिवशी बाहेरच्या वक्त्याचं दीड तास भाषण आणि अल्पोपाहार. तक्रारपेटीचाही फोटो आहे फाईलला, ती पेटी प्राचार्यांच्या केबिनच्या दारात, बरोबर सीसीटीव्हीखाली. आत काय निघालं असेल ते सांगायला नको.

हेही मी निमूट केलं असतं खरं तर. पण गेल्या आठवड्यात माझा एफवायचा तास चालू असताना ऑफिसचे भाऊसाहेब यादी घेऊन वर्गात आले आणि दारातूनच ओरडले, 'एससी, एसटी, एनटीवाल्यांनी उभं राहा, महाडीबीटीचे स्कॉलरशिपचे फॉर्म बाकी आहेत.' अकरा जण उभे राहिले, यादीत बारा नावं होती. बारावा मुलगा मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिला. तास संपल्यावर जिन्यात गाठून म्हणाला, मॅडम माझा फॉर्म मी उद्या गुपचूप भरतो, पण परत नाव नका ना घेऊ, सहा महिने झाले वर्गात कुणाला माहीत नव्हतं. मला काय बोलावं सुचेना, बरं म्हणाले नुसतं. आता याच पोराला सप्ताहात 'विविधतेत एकता' वर बोल म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगू?

तर तुमच्या कॉलेजात असं काही झालं होतं का ज्याने खरंच फरक पडला, छोटं असलं तरी चालेल, आणि काय केल्याने उलट त्रासच झाला तेही सांगा.

रानवाट

मॅडम मी पावरा आदिवासी आहे, नंदुरबारमधल्या धडगावकडचा, पुण्यात बीएस्सी केलं. त्रास कशाने झाला ते आधी सांगतो. दरवर्षी गॅदरिंग किंवा असा काही सप्ताह आला की सर मला शोधत यायचे, 'अरे तुमचं ते आदिवासी नृत्य बसव.' मला नाचता येत नाही हो. आमच्याकडे होळीला सगळं गाव रात्रभर नाचतं तेव्हा मी पण घोळक्यात असतो पण ते आमचं आमच्यासाठी असतं, स्टेजवर तीन मिनिटांत बसवायचं नसतं. एका वर्षी मी नाही म्हणलो तर शहरातल्याच पोरांना तोंडाला काळं फासून, कमरेला पाला बांधून 'झिंगालाला' करत नाचवलं आणि त्याला दुसरं बक्षीस दिलं. मी हॉलच्या बाहेर जाऊन बसलो.

आता फरक कशाने पडला ते. घरी पावरी, आश्रमशाळेत मराठी आणि बीएस्सीला एकदम इंग्रजी, म्हणजे तिसऱ्या भाषेत केमिस्ट्री. पहिल्या सेमला दोन विषय राहिले. एका सरांनी (ते पण सीएचबीच होते बरं का) शंभर पानी वहीत एका बाजूला इंग्रजी शब्द आणि समोर मराठी अर्थ असं युनिटप्रमाणे लिहून झेरॉक्सवाल्याकडे ठेवलं, ज्याला पाहिजे त्याने घ्या, कोण घेतंय ते कुणी बघत नव्हतं. माझ्यासारखे सोडाच, मराठी मिडियमची सगळीच पोरं घेऊन गेली. याला कुणी समावेशन वगैरे म्हणलं नव्हतं.

अजून एक. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकायला सुरुवात झाली, त्याविरोधात पोरं पुण्याहून नाशिककडे चालत निघाली होती. पैसे लेट झाले की आम्ही एका डब्यात दोघं जेवायचो. तुमच्या वर्गात असं कोण आहे एवढं जरी सप्ताहाआधी कळलं तरी पाच हजार कुठं घालायचे ते आपोआप कळेल.

स्पष्टवक्ता_९

राग नका मानू पण मुळात कॉलेजात जात हा विषय काढायचाच कशाला? आरक्षण आहे, स्कॉलरशिप आहे, अजून केंद्र कशाला? मुलं एकत्र चहा पितात, त्यांना काही पडलेली नसते, आपणच आठवण करून देतो. हे डायव्हर्सिटी वगैरे अमेरिकेतलं फॅड आहे आणि आता तिकडेच गुंडाळायला लागलेत. आमच्या वेळी नव्हतं असलं काही.

बोर्डिंगचा_पोऱ्या

स्पष्टवक्ते, तुमची वेळ कुठली ते ठाऊक नाही, मी एकाहत्तर वर्षांचा आहे, रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात वाढलो. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, साताऱ्यात १९२४ ला बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातीधर्माची पोरं एका छपराखाली ठेवायलाच, १९२७ ला गांधीजी येऊन गेले तिथं. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं. आता तुम्ही म्हणाल जात काढायची कशाला. अण्णांनी काढलीच की, पण भाषणात काढली नाही, स्वयंपाकघरात काढली. दळण कुणाचं, पाणी कुणी भरायचं, भाकरी कुणी थापायची याच्या पाळ्या लावल्या, आडनाव बघून न्हवं. आमच्या वेळेपर्यंत तशीच पद्धत होती. पहिल्या महिन्यात एक पोरगं माझ्या हातची भाकरी खाईना, उपाशी झोपलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लई भूक लागली त्याला, मग खाल्ली. त्याच्या नातवाच्या लग्नाला जाऊन आलो गेल्या वैशाखात.

मॅडम, भाषण ठेवू नका एवढंच सांगतो. पोरांना एकत्र काम द्या, हाताचं.

टेक्सासचा_उन्हाळा

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर, मी इथे टेक्सासमध्ये युनिव्हर्सिटीत नोकरी करते. इथल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांतली डायव्हर्सिटी ऑफिसं राज्याच्या कायद्यानेच बंद झाली, तो कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. फॅड संपलं म्हणून लोकांनी सोडून दिलं असं काही झालेलं नाही. आमच्याकडे आधी नुसत्या पाट्या बदलल्या, मग माणसं गेली. आणि खरं सांगते, त्या ऑफिसातलीही निम्मी कामं फोटोचीच होती, आमची दिवाळी पण 'मल्टिकल्चरल नाईट'च्या फाईलला लागायची. पण पहिल्या पिढीतल्या मुलांना फी माफीचा अर्ज शेजारी बसून भरून देणारी एक बाई होती, ती गेली त्याचं वाईट वाटतं.

आणि जात आपल्याबरोबर विमानाने येते बरं. इथल्या देसी मुलांच्या ग्रुपवर रूममेट हवाच्या जाहिराती वाचा, 'प्युअर व्हेज ओन्ली' आणि मग पहिल्याच फोनवर आडनाव. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला तो काय आठवण करून द्यायला नव्हे, तक्रारी येत होत्या म्हणून.

बाकी हे अमेरिकन कसं काय ते मला कळलं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या ते साल १९०२.

पायवाट_बंद

@स्पष्टवक्ता_९ चहा एकत्र पितात हे खरंय, मीही प्यायचो. मग कुणीतरी विचारतं, 'सीईटीला किती होते रे?' हा मार्कांचा प्रश्न नसतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं. आयआयटी मुंबईला २०२३ मध्ये लेखी सांगावं लागलं की एकमेकांची जेईई रँक विचारू नका. आणि यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, समान संधी केंद्राचा आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा नियम २०१२ चा आहे. तो कागदावरच राहिला म्हणून आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी या विद्यार्थ्यांच्या आयांना २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात जावं लागलं. या बायकांना फॅड म्हणाल का?

तीन_चाकं

मी वेगळ्याच गोष्टीवर लिहिते, कारण या सप्ताहात आमचा नंबर शेवटच्या दिवशी लागतो, 'दिव्यांगांचा सत्कार', गुलाबाचं फूल आणि टाळ्या. फूल घ्यायला स्टेजवर चढायला पायऱ्याच होत्या, दोघांनी उचलून नेलं मला. मी साडी नेसले होते. तो फोटो पण असेल कुठल्यातरी अहवालात.

मॅडम तुमच्याकडे रॅम्प असेलच, नॅकसाठी सगळे बांधतात. टेप घेऊन मोजा. एक फूट चढायचं असेल तर निदान बारा फूट लांबी लागते. आमच्या कॉलेजचा पाचच फुटांत संपायचा, त्याच्यावरून सरांची स्प्लेंडर मस्त चढायची, माझी खुर्ची नाही. आणि वर चढल्यावर पुढे कुंड्या, शोभेसाठी.

दुसरं, लेखनिक, म्हणजे परीक्षेत आमच्यासाठी पेपर लिहिणारा. परीक्षेच्या आदल्या दिवशी पळापळ करून लेखनिक शोधायचा आणि परीक्षा सुरू झाल्यावर सुपरवायझरला समजावत बसायचं की तासाला वीस मिनिटं जास्तीची मिळतात, यातच माझा निम्मा पेपर गेलाय. ज्या पोरांना लेखनिक व्हायचंय त्यांची यादी सेमच्या सुरुवातीलाच करून ठेवा. रुपया लागत नाही.

उंबरठा

फॉर्ममध्ये स्त्री-पुरुषांपुढे तृतीयपंथीयांसाठी तिसरा रकाना छापलाय, कॉलेजात तिसरं टॉयलेट नाही. माझी मैत्रीण दिवसभर पाणी प्यायची नाही. दुसऱ्या वर्षी तिने कॉलेज सोडलं. एवढंच.

स्पष्टवक्ता_९

रॅम्पचं आणि टॉयलेटचं मान्य, त्याला कोण नाही म्हणतंय. यादी वर्गात वाचणं पण चूकच. बाकी मुद्द्यांवर माझं मत तेच आहे.

तासिका_मॅडम

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचून काढलं. काका, तुमची भाकरीची गोष्ट मी वर्गात सांगितली, नाव न घेता. उंबरठा, तुमचं वाचून मी आमच्या स्टाफ टॉयलेटची किल्ली कुणाकडे असते ते विचारून आले, अजून उत्तर मिळालेलं नाही.

आत्तापर्यंत झालेलं सांगते. प्राचार्यांना म्हणाले वेशभूषा स्पर्धा नको, तर म्हणाले मग फोटो कशाचा काढणार? मी म्हणाले शब्दांच्या वह्या लिहिणाऱ्या मुलांचा काढू. टीवायची अठरा पोरं नावं देऊन गेली, विषयवार गट पाडलेत, गट पाडताना चिठ्ठ्या टाकल्या. पाच हजारातले साडेतीन झेरॉक्सला जातील. बॅनर मात्र पाहिजेच म्हणाले, तर उरलेल्यात बॅनर आणि चहा.

भाऊसाहेबांशी जरा वाजलं. 'मग पोरांना कळणार कसं, मुदत संपली की माझ्याच नावाने बोंब मारतात,' हे त्यांचं म्हणणं, आणि तेही काही खोटं नाही, एकटा माणूस आहे त्या खिडकीला. शेवटी असं ठरलं की प्रत्येकाच्या फोनवर वेगळा मेसेज मी पाठवायचा आणि शनिवारी दुपारी लायब्ररीत लॅपटॉप घेऊन बसायचं, सगळेच फॉर्म तिथे, बोनाफाईडपासून ईबीसीच्या फी सवलतीपर्यंत, म्हणजे कोण कशासाठी आलंय ते कुणाला कळणार नाही. परवा पहिला शनिवार झाला. सव्वीस जण आले. तो बाराव्या नंबरचा पण आला, सगळ्यात शेवटी, आधार सीडिंग, म्हणजे बँक खात्याला आधार जोडणं, राहिलं होतं त्याचं.

रॅम्प मोजला. दीड फूट उंची, लांबी सात फूट. कुंड्या आमच्याकडे पण आहेत.