रिकॉलमध्ये इंजिन बदललं, मग पेट्रोल गळलं: दोष कोणाचा?

पानापक्कड:
अमेरिकेतल्या ह्युंदाई-कियाच्या थीटा-२ इंजिनांचं प्रकरण. अलाबामाच्या कारखान्यात क्रँकशाफ्टच्या ऑइलच्या छिद्रांत राहिलेला धातूचा कीस कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचं ऑइल अडवत होता. २०१५ साली रिकॉल, म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीने दुरुस्तीला परत बोलावल्या, २०१७ साली आणखी गाड्या. बेअरिंग गेलेलं असेल तर इंजिन बदलून. पुढे जानेवारी २०१९ मध्ये, इंजिन बदललेल्याच सुमारे १ लाख ६८ हजार गाड्या पुन्हा बोलावल्या. इंजिन बदलताना हाय प्रेशर फ्युएल पाइप (जास्त दाबाचं पेट्रोल नेणारी नळी) नीट बसवला नव्हता, पेट्रोल गळून आगीचा धोका. माझ्या मते हा सरळ मेकॅनिकचा दोष. पाना त्याच्या हातात होता.

टॉर्करेंच:
असहमत. त्या पाइपचं टोक गोल असतं, ते खोलगट सीटमध्ये नट कसून दाबलं जातं. एकदा दबलं की त्याला त्या जागेचा आकार येतो. जुनाच पाइप नव्या इंजिनावर चढवला की सीट पुन्हा तंतोतंत जुळेलच असं नाही. त्यात एक टोक पूर्ण कसून मग दुसरं ओढूनताणून लावलं की पाइप कायम ताणात. दोन्ही नट आधी हाताने, मग टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच कसणारा पाना), हा क्रम. आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, थेंबही दिसत नाही, चढावर प्रेशर वाढलं की पाझरतं. इंजिनासोबत नवा पाइप दिला असता तर?

पानापक्कड:
बरं, मग ऑइल पॅनच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाच्या) सांध्याला लावायच्या सीलंटचं काय? ३-४ मिमीची रेघ पुरते. लोक श्रीखंड थापल्यासारखं थापतात. पॅन दाबला की जादा सीलंट आत लोंबतं, तुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. नव्या इंजिनाचं ऑइल पुन्हा अडलं! हेही कंपनीनेच केलं का?

टॉर्करेंच:
ते मेकॅनिकच्या खात्यात, कबूल. पण नुसता शॉर्ट ब्लॉक (क्रँकशाफ्ट-पिस्टनसह इंजिनाचा खालचा भाग) बदलून जुना ऑइल कूलर तसाच ठेवला तर त्यात साठलेला जुन्या बेअरिंगचा चुरा नव्या बेअरिंगमध्ये येणार. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उजेडात उलगडून बघा. लोहचुंबक फिरवून 'काही नाही' म्हणू नका. बेअरिंगचा चुरा बहुतेक अ‍ॅल्युमिनियम किंवा तांब्याचा, तो चुंबकाला चिकटत नाही.

काळं_ऑइल:
दोघंही भांडताय, पण कंपन्यांनी गाड्यांत टाकलेला सॉफ्टवेअरवाला 'उपाय' विसरलात. नॉक सेन्सर (इंजिनातली ठोठाव टिपणारा) झिजलेल्या बेअरिंगचा आवाज ओळखतो, इंजिनाचा दिवा लुकलुकतो, पी१३२६ हा बिघाडाचा कोड येतो आणि गाडी जेमतेम १८०० ते २००० आरपीएमवर रांगते. झिजलेलं बेअरिंग यात कुठे दुरुस्त झालं?

टॉर्करेंच:
दुरुस्त नाहीच होत. रॉड ब्लॉक फोडून बाहेर यायच्या आत गाडी थांबावी एवढंच त्याचं काम, आणि ते चोख होतं. फसवणूक तेव्हा, जेव्हा सॉफ्टवेअर टाकून बेअरिंगचा क्लिअरन्स (बेअरिंग आणि शाफ्टमधली फट) न मोजताच गाडी परत देतात.

काळं_ऑइल:
मोजण्याची घाई कंपनीला कधी होती? १६ लाख गाड्यांचं रिकॉल वेळेत केलं नाही म्हणून २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरचा बोजा पडला, दंड आणि सुरक्षेवरचा सक्तीचा खर्च धरून.

पानापक्कड:
पाइपचं पटलं, नवाच हवा. सीलंटवर मात्र मी ठाम आहे. रेघ किती जाड ओढायची ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, उघडून बघायला कोणी अडवलंय?