मारुती ८०० एमपीएफआयचे (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली) दोन सुटे कनेक्टर ओळखायला मदत हवी आहे

गाडी २००४ ची, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. उंदरांनी इंजिनचं वायरिंग कुरतडलं होतं. सोलापुरातल्याच एका इलेक्ट्रिशियनकडून जोडून घेतलं, पण दोन कनेक्टर लोंबकळतच राहिलेत. गाडी चालू होते. चेक इंजिनचा दिवा मात्र विझत नाही आणि रेडिएटरचा पंखा चावी दिल्यापासून फिरतो. इथल्या उन्हात चालेलही म्हणा, पण बॅटरी बसते.

पहिला, थर्मोस्टॅटजवळचा, दोन पिनांचा. चावी ऑन केल्यावर एका पिनवर ५ व्होल्ट, दुसरी ग्राउंड. म्हणजे तापमानाचाच सेन्सर असावा. पण कूलंटचा की आत येणाऱ्या हवेचा? मीटरवरचा टेम्परेचर काटा नीट चालतोय, त्याची एकेरी वायर वेगळी आहे.

दुसरा बॅटरीच्या खाली, तीन पिनांचा. एकीवर १२ व्होल्ट, एक ग्राउंड, तिसरीवर काहीच नाही. थ्रॉटल पोझिशन (थ्रॉटल किती उघडलंय ते सांगणारा) आणि मॅप (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) सेन्सर जोडलेले आहेत, ते तपासलंय. स्पीडोमीटर केबलवर चालतो.

बिघाडाचे कोड वाचायचा स्कॅनर लावला, गाडीशी बोलतच नाही. अंदाजाने काही जोडायचं नाही, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडाला तर जुन्या बाजारातच शोधावा लागेल. वायरचे रंग नव्या तुकड्यांमुळे भरवशाचे नाहीत.

ज्यांच्याकडे याच इंजिनची गाडी आहे त्यांनी बॉनेट उघडून सांगाल का, थर्मोस्टॅटपाशी दोन पिनांचा कोणता सेन्सर आहे, आणि बॅटरीखालचा तीन पिनांचा कनेक्टर तुमच्याकडे कुठे जोडलेला आहे की मोकळाच आहे?