पांडावरचा खर्च वाया गेला का?

अरण्यवेडी:
धोक्यातल्या प्रजातींची यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेने २०१६ मध्ये पांडाला संकटग्रस्त गटातून काढून एक पायरी खालच्या ‘असुरक्षित’ गटात ठेवलं. तरी ‘एका प्राण्यावर एवढा पैसा कशाला’ हा सूर काही थांबत नाही. ब्रिटनचे निसर्ग-निवेदक क्रिस पॅकहॅम २००९ मध्ये उघड म्हणाले होते की पांडाचा नाद सोडा आणि तो पैसा दुसरीकडे लावा. मला हे साफ नामंजूर आहे. पांडाला तारलं ते जंगलाने, पिंजऱ्यातल्या पिल्लांनी नव्हे. १९९८ च्या महापुरानंतर चीनमधल्या यांगत्से नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या नैसर्गिक जंगलांची तोड बंद झाली. डोंगरउतारावरची शेती सोडून झाडं लावणाऱ्यांना सरकारने धान्य आणि रोख रक्कम दिली. त्या जंगलात पांडासोबत किती पक्षी, बेडूक, झरे वाचले, याचा हिशेब कोणी मांडतच नाही.

नदीकाठ:
त्याच यांगत्सेत बायजी नावाचा डॉल्फिन होता. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी सहा आठवडे नदी पालथी घातली, एकही दिसला नाही. मासेमारीच्या दोरांना ओळीने लावलेले उघडे गळ, विजेच्या धक्क्याने होणारी मासेमारी, बोटींची वर्दळ यांनी तो संपला. देश तोच, काळही तोच. फरक एवढाच की १९६१ पासून डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव-संवर्धन संस्थेच्या बोधचिन्हावर पांडा आहे आणि परदेशी प्राणिसंग्रहालयं पांडाच्या एका जोडीसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत मोजत आली आहेत. ज्याला बघायला गर्दी होते त्याच्याकडे पैसा जातो. याला संवर्धन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अरण्यवेडी:
नदीकाठ, बायजीचं दुःख मलाही आहे. पण पांडाचे पैसे थांबवले असते तर ते नदीकडे वळले असते, हे कशावरून? यांगत्सेतल्या मासेमारीवरची दहा वर्षांची बंदी २०२१ मध्ये आली. ती वीस वर्षं आधी यायला हवी होती आणि त्यात पांडा कुठेच आडवा आला नव्हता.

कोळसून:
मला पांडाच्या नावाने वाचलेल्या जंगलाबद्दल बोलायचंय. २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६० च्या दशकापासून पांडाच्या प्रदेशातल्या ८१ टक्के संरक्षित क्षेत्रांतून बिबट्या नाहीसा झाला, ७७ टक्क्यांतून लांडगा आणि ९५ टक्क्यांतून कोळसून, म्हणजे आपला रानकुत्रा. ताडोब्यात कोळसुनांचा कळप सांबरामागे लागलेला ज्याने पाहिलाय, त्याला ९५ चा अर्थ सांगायला नको. पांडाला थोडक्या जागेत बांबू मिळाला की भागतं, बिबट्याला शंभर चौरस किलोमीटरसुद्धा कमी पडतात. पांडाच्या मापाने बेतलेलं अभयारण्य शिकारी प्राण्यांना कसं पुरणार? पांडाच्या आडोशाला सगळे वाचतात, हा दावा इथे टिकत नाही.

बांबूवन:
कोळसून, जागा पांडालाही पुरत नाही. बांबूचं एक अख्खं बेट, कधी अख्खा डोंगर, एकदम फुलतो आणि वाळून जातो. आपल्याकडे मानवेल फुलली की जंगल कसं भकास दिसतं, आठवा. चीनमधल्या मिनशान डोंगरात १९७० च्या दशकात असंच झालं आणि शंभराहून जास्त पांडा मेलेले सापडले. पूर्वी एका जातीचा बांबू वाळला की पांडा खाली उतरून दुसऱ्या खोऱ्यात जायचा. आता मध्ये रस्ता आहे, शेत आहे, वस्ती आहे. गणनेत जंगलातले १,८६४ पांडा भरले, पण ते तीसहून जास्त तुटक गटांत विखुरलेले आहेत. काही गटांत तर बोटांवर मोजण्याइतकेच. २०२१ मध्ये पांडाचं राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे २२,००० चौरस किलोमीटरचं. हे तुकडे जोडायचे तर खर्च वाढवावाच लागेल आणि जोडलेलं जंगल बिबट्यालाही लागतंच.

कोळसून:
जोडा ना! माझा विरोध पांडाला नाहीच. पण यश मोजताना फक्त पांडा मोजू नका. कोळसून परतला का, तेही दरवर्षी जाहीर करा.

नदीकाठ:
तुम्ही तिघेही डोंगरातच अडकलात. यांगत्सेत पंखहीन पॉरपॉइज हा डॉल्फिनसारखा छोटा प्राणी अजून आहे. २०२२ च्या गणनेत १,२४९ भरले, म्हणजे पांडाहून कमी. संख्या थोडी वाढतेय, म्हणजे मासेमारी थांबवल्याचा उपयोग होतोय. पुढचा पैसा आधी नदीला द्या, या मतावरून मी हलणार नाही.