वाढ, विकास, पौगंड: वयाच्या शब्दांबद्दल

आरोग्यविषयक पुस्तिकेचा मजकूर मराठीत लिहिते आहे. 'मानवी वाढ आणि विकास' ही जोडी सगळीकडे दिसते. 'वाढ' म्हटल्यावर 'विकास' पुन्हा कशाला? आणि १० ते १९ या वयाला काय म्हणावं? किशोरवय, कुमारवय, पौगंडावस्था हे तिन्ही शब्द वाचनात आले.

प्रतिसाद

जोडी उगाच नाही. वाढ मोजता येते. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर असतं, वर्षाचं होईतो ७५ च्या आसपास जातं आणि वजन तिप्पट होतं. ही झाली वाढ. तेच बाळ मान धरतं, पालथं पडतं, रांगतं, अनोळखी चेहरा पाहून रडतं, हा विकास. त्याला वजनकाटा नाही. दोघांची चालही वेगळी. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेचं हाड झालं की उंची थांबते. पण ज्यावर संयम आणि सारासार विचार अवलंबून आहे, तो मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो.

विकास शब्दात 'वि' आणि 'कस्' आहेत, अर्थ उमलणं. कळी मोठी होणं वेगळं आणि कळी उमलणं वेगळं, एवढा फरक धरला तरी पुरे.

घरात मात्र 'बाळ विकसित होतंय' असं कुणी म्हणत नाही. जाणतं झालं, समज आली, हाताशी आला, असंच म्हणतात. आणि 'तिनं भाच्याला वाढवलं' या वाक्यातल्या 'वाढवलं'मध्ये उंची, वजन, बोलणं, वागणं सगळंच येतं. पुस्तिका पालकांसाठी असेल, तर शीर्षकात जोडी ठेवा, पण आत ही क्रियापदं वापरा. ती अचूक आहेत.

प्रतिसाद

पौगंडाबद्दल. एक जुना श्लोक आहे: 'कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि । कैशोरमापञ्चदशाद् यौवनं तु ततः परम् ॥' म्हणजे पाचापर्यंत कुमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत किशोर. मराठीत 'पौगंडावस्था' पुढे सरकून मिसरूड फुटण्याच्या वयावर येऊन बसली. ती चूक मानू नये, शब्दांची वयंही बदलतात. 'किशोर' तर मुळात शिंगरू!

तरी मी 'किशोरवय' घेईन. 'पौगंड मुलगी' असं कुणी म्हणत नाही, 'किशोरवयीन मुलगी' सहज म्हणतात. शिवाय पौगंडावस्था म्हटलं की वाचणाऱ्याला आधी काळजी वाटते, जणू एखादं दुखणं सांगितलंय. 'कुमार'ला अविवाहित ही छटा आहे, तो टाळा. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हाच टप्पा धरते. 'वयात येणं' मात्र त्याच्या आतली शारीरिक घडामोड आहे, सबंध टप्प्याला ते लावू नका.

प्रतिसाद

शेवटच्या टप्प्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. 'वृद्ध' आणि 'वाढ' एकाच 'वृध्' धातूतले. वृद्ध म्हणजे वाढलेला. 'म्हातारा' आला 'महत्तर'वरून, म्हणजे अधिक मोठा. झिजण्याची बाजू 'जरा' आणि 'जीर्ण' या शब्दांत आहे. शरीर झिजतं हे खरंच, पण 'वृद्ध' हा शब्द कमीपणाचा समजून तो लपवायची धडपड मला खटकते. 'ज्येष्ठ' लिहा, जरूर लिहा, पण वृद्धाला हाकलून नको.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. शीर्षक तसंच ठेवते आणि किशोरवय पक्कं करते. 'वृद्ध'ही राहील.

आता अडलंय ते 'प्रौढ'वर. मूळ मजकुरात विशीपासून पुढचे सगळे प्रौढ आहेत. पण मराठीत 'एक प्रौढ बाई' म्हटलं की चाळिशीपुढचीच डोळ्यांसमोर येते. बावीस वर्षांच्या मुलीला प्रौढ कसं म्हणू? 'तरुण प्रौढ' तर वाचवत नाही.

प्रतिसाद

आपल्याकडे दशकांचे शब्द आहेत की! विशीतली, तिशीतला, पन्नाशी गाठलेली, साठी उलटलेला. जवळचं दिसेनासं होऊन चष्मा लागतो, त्या चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतो, इतकं हे वय भाषेत मुरलंय. 'प्रौढ' फक्त कोष्टकाच्या मथळ्यात ठेवा, मजकुरात 'विशी-तिशीतल्या व्यक्ती' लिहा.