मदत हवी आहे: म्हसवडला कर्ज घेतलेल्या बायकांना भेटायचंय

नमस्कार मंडळी, कॉलेजची पोरं घेऊन सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला जायचंय, तिथली माणदेशी महिला बँक १९९७ ला चालू झाली, त्याआधी बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने लायसन नाकारलेलं, तर ह्या परत जाऊन म्हणाल्या व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय करू देत, बघू कोण आधी करतं! भारीच ना. आम्हाला सत्कार-भाषणं नकोयत, शेळीसाठी पहिलं कर्ज काढलं तेव्हा घरचे काय बोलले, हप्ता थकला तेव्हा काय केलं हे ऐकायचंय. कुणी गेलंय का? परवानगी कुणाकडे मागायची? बाजाराच्या दिवशी गेलो तर त्यांच्या धंद्याचा खोळंबा होईल का? आणि गरिबीचं असं तोंडावर विचारणं बरं दिसत नाही, मग विषय काढायचा कसा?