तळपायाचा तीळ बदलतोय: जुलैपर्यंत थांबू की आत्ताच दाखवू? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण घरात विषय काढला की आई डोळ्याला पदर लावते.

वडिलांच्या टाचेवर काळा डाग होता. आम्ही सगळे त्याला कुरूप समजलो. जोतिबाला अनवाणी जायची सवय, काहीतरी रुतलं असेल म्हणून ते ब्लेडनं कातडी तासायचे. रक्त यायला लागलं तेव्हा दवाखाना गाठला, तिथंही दोन महिने मलमात गेले. तुकडा तपासायला पाठवला तेव्हा मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला, तोवर जांघेत गाठ आली होती. २०१९ ला गेले. सावळ्या कातडीत हा कॅन्सर तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली जास्त करून निघतो आणि तिथं उन्हाचा फारसा संबंध नसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आता माझं. वय ४१, अंगावर पन्नासाच्या वर तीळ. वडिलांचं ऐकून कातडीच्या डॉक्टरांनी जानेवारीत एकेक तीळ दुर्बिणीतून बघितला. डाव्या तळपायाच्या खळग्यातला तेवढा एक, "लक्ष ठेवा, सहा महिन्यांनी या" म्हणाले. दर एक तारखेला मी फोटो काढते. न्हाणीच्या उंबऱ्यावर पाय, शेजारी मुलीची पट्टी, मिस्टर टॉर्च धरतात. तेव्हा ४ मिलिमीटर होता, आता ५ भरतो. त्याहून मला कड खुपतेय. अंगठ्याकडची बाजू ओल्या कागदावर शाई फुटावी तशी पसरलीय, तिथं रंग तपकिरी आणि बाकी काळा. दुखत नाही, खाजत नाही. ६ मिलिमीटरच्या आत असला तर काळजी नको असं वाचलं. मग थांबू का? आणि नणंद म्हणते, तिळाला चाकू लावला की पसरतो. खरं आहे का हे?

प्रतिसाद:
ताई, थांबू नका. सहा महिने म्हणाले ते तीळ आहे तसाच राहिला तर. ६ मिलिमीटर हा ढोबळ आकडा आहे, त्याहून लहान मेलॅनोमाही सापडतात. माझ्या भावाला किडनी बसवलीय. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते, कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून दर वर्षी त्याची अंगभर तपासणी करून घेतो. डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं होतं: तळव्यावर बोटांच्या ठशासारख्या रेघा असतात. रंग खाचांत असला तर बहुधा साधा तीळ, उंचवट्यांवर असला तर संशय. टॉर्चनं हे दिसत नाही, डर्मोस्कोपच (कातडी बघायची दुर्बीण) लागतो. बायोप्सीनं, म्हणजे तुकडा काढून तपासल्यानं, कॅन्सर पसरत नाही. जमलं तर अख्खा तीळ थोड्या कडेसकट काढून तपासायला द्यायला सांगा. लेझरनं मात्र जाळून घेऊ नका, तपासायला काही उरत नाही. जानेवारीपासूनचे सगळे फोटो सोबत न्या. खाजगीत लवकर नंबर मिळाला नाही तर सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) त्वचारोग विभाग आहे.

मूळ लेखिका:
दादा, फार आधार वाटला. उद्या सकाळीच फोन करते. एक राहिलं. पुतणीच्या लग्नात पायाच्या नखांना मेंदी लावलीय. नखंही बघायची असतील, तर ती उतरेपर्यंत थांबावं का?

प्रतिसाद:
अजिबात नाही. अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्षाच्या वर जातं. तळपाय उद्याच दाखवा, मेंदीचं डॉक्टरांना सांगून ठेवा, आणि इथून पुढं नखं कोरी ठेवा.