मदत हवी आहे: ग्लायडरच्या पंखावर लॅमिनार प्रवाह कुठे संपतो, ते कसं बघावं?

नमस्कार मंडळी,

मी देवगडचा. दोन मीटर पंखांचा बाल्साचा रिमोट ग्लायडर स्वतः बांधलाय. सड्याच्या कडेवरून सोडतो. दुपारचा खारा वारा कड्याला आपटून वर चढतो, त्यावर तो छान तरंगतो. पंखाची रुंदी २० सेंमी, वेग सेकंदाला साधारण १२ मीटर, म्हणजे रेनॉल्ड्स अंक (वेग आणि रुंदीवरून काढलेला, प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) १ लाख ६० हजारांच्या आसपास.

पुढच्या कडेपासून हवा थराथराने सरकते (हाच लॅमिनार प्रवाह) आणि मग कुठेतरी घुसळायला लागते. मला ती जागा हवी आहे. लोकरीचे धागे लावून पाहिले. हवा पंख सोडते तिथे ते फडफडतात, पण लॅमिनार कुठे संपलं ते कळत नाही. एअरबसने २०१७ मध्ये ए-३४० वर इन्फ्रारेड कॅमेरे लावून हेच उडताना पाहिलं, पण तसला कॅमेरा मला परवडणारा नाही.

मग डांबरगोळ्या ॲसिटोनमध्ये विरघळवून काळ्या पंखावर फवारल्या. घुसळत्या हवेखाली डांबरगोळीचा थर लवकर उडून जातो, शांत हवेखाली पांढरा राहतो. सात मिनिटं उडवून उतरवला, तर सगळा पंख पांढराच! फक्त पुढच्या कडेला एक चिलट चिकटलं होतं, त्याच्यामागे रुंदावत गेलेला बोटभर काळा त्रिकोण. तो बघून अंगावर काटा आला. म्हणजे पद्धत चालते! मग बाकीचा पंख का उघडा पडला नाही? पावसाआधी हे करायचंच आहे, कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, त्रिकोण पुढच्या कडेजवळ आहे. तिथे हवेचा थर सर्वांत पातळ, म्हणून डांबर झटकन उडतं. मागे जास्त वेळ लागतो, आणि तुमचा वेगही कमी. फवारा अगदी विरळ मारा, आतली काळी फिल्म दिसेल इतपत, आणि उड्डाण निदान दुप्पट करा. फवारण्याआधी पंख ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. मिठाची खर राहिली तर ठिकठिकाणी असेच खोटे त्रिकोण उठतील.

दुसरं, इतक्या कमी रेनॉल्ड्स अंकाला हवा बऱ्याचदा लॅमिनार असतानाच पंख सोडते, वर घुसळते आणि पुन्हा चिकटते; मधे हवेचा चपटा बुडबुडा राहतो. त्या बुडबुड्याखाली डांबर फसवतं. तिथे रॉकेलात पांढरी पूड कालवून पातळ थर लावा, काळ्या पंखावर ती दिसेल. बुडबुड्याच्या जागी तेल साचून पंखभर आडवी रेघ उमटते. उतरल्या उतरल्या फोटो काढा, नाहीतर ओघळून जाईल. आणि दोन्ही फोटो इथे टाका, मला बघायचेत.